फरक सत्तावीस

अकरावी कॉमर्स, क तुकडी, तिसरा तास.
धनावडे मॅडम म्हणतात, तेरीज जुळली नाही
तर वही आपटू नका, फरकाकडे बघा.
फरक सम असेल तर निम्मा करा,
तेवढीच रक्कम कुठंतरी
जमेऐवजी नावे पडली असेल.
आणि नवानं भाग गेला तर
कुणीतरी अंकांची जागा बदलली आहे:
पंचेचाळीसचे चोपन्न, बाराचे एकवीस.
मी समासात लिहिलं, नऊ चोर पकडतो.
मॅडमनी येता येता ते वाचलं.
चूक आणि चोरी, म्हणाल्या,
ही दोन वेगळी खाती आहेत.

आमचे आप्पा तुर्भ्याला, मसाला मार्केटात.
पुस्तकात ते असतात
व्यापार खात्याच्या नावे बाजूला,
खरेदीच्या खाली, आवक वाहतुकीला चिकटून:
हमाली, रुपये बाराशे.
ती ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा
मी बाकावर उगाच सरळ बसले.

आप्पांची एक डायरी आहे,
कुण्या व्यापाऱ्यानं दिवाळीला दिलेली,
पानं हळदीनं पिवळी,
उघडली की शिंक येते.
त्यात, गुरुवार. धणे. गोणी ६३.
पार्टे मुकादमाच्या चिठ्ठीत ३६.
सत्तावीस गोण्यांची हमाली गेली कुठं
यावर दीड महिना
कोपरखैरण्यातल्या एका खोलीत भांडी आपटली.
पार्टेकाका आप्पांचे गाववाले.
या खोलीचं डिपॉझिट त्यांनी भरलेलं,
माझ्या बारशाच्या घुगऱ्या त्यांच्या चुलीवरच्या.
आता जिन्यात गाठ पडली
की दोघंही भिंतीचा रंग बघतात.

छत्तीसचा आकडा झालाय मेल्यांचा,
आई म्हणाली, आणि भाकरी उलटली.
ती बोलून मोकळी झाली.
मी तिथंच अडकले, पेन्सिल दातात.

त्रेसष्टातून छत्तीस गेले, सत्तावीस.
नऊ त्रिक सत्तावीस.

कुणी काही खाल्लं नव्हतं.
कुणाच्या तरी हाताखाली
तीन आणि सहा यांनी जागा बदलल्या होत्या.
पण कुणाच्या?
तेरीज एवढंच सांगते, की चुकलंय.
नाव सांगत नाही.

मला तो गुरुवार आठवला.
आप्पा चारलाच घरी आले होते,
माझ्याशी कॅरम खेळले,
राणी घेतली आणि कव्हर चुकवलं.
साठ गोण्यांच्या वर गेलं
की त्यांची बोटं उघडत नाहीत,
ताटलीतला घास आई मोडून देते.
त्या दिवशी स्ट्रायकर
त्यांच्या हातात नीट बसला होता.

हे मला नको होतं.
मुकादम चोर निघाला असता तर
सगळं किती सोपं होतं.

रात्री रफ वहीच्या मागच्या पानावर
दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले.
एकात दोघं समोरासमोर, बोलायला बसल्यासारखे,
दुसऱ्यात पाठीला पाठ.
आप्पा चौथी शिकलेले.
पान लांब धरून बघत राहिले.
मग डायरी काढली, मग पुन्हा पान.
कुठला खरा?
मी बोट ठेवलं.
भांडणाचाच व्हय खरा, म्हणाले,
आणि माझ्याकडे न बघता
खुंटीवरचा सदरा चढवला.

पायऱ्या ऐकू आल्या, अकरा,
खालच्या मजल्यावर कडी वाजली,
मग बराच वेळ काहीच नाही.
आईनं गॅस बारीक केला, ऐकायला.

मी पुस्तक पुढं चाळलं.
चुकांची दुरुस्ती हा धडा
आम्हाला अजून शिकवलेला नाही.